बोस्टन-फिलाडेल्फियाच्या जुन्या वर्तमानपत्रांतल्या शिकवण्या आणि औषधे: जाहिरातीवर किती विसंबायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींवर लघुप्रबंध लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीने अठराव्या शतकातली बोस्टन आणि फिलाडेल्फियाची वर्तमानपत्रे चाळली. खासगी शिकवण्यांच्या आणि ‘पेटंट’ (म्हणजे ठरावीक नावाने तयार विकल्या जाणाऱ्या) औषधांच्या जाहिराती तिला एकाच पानावर खालीवर दिसल्या. ती विचारते: १७२८ साली बाहेरगावी लघुलिपीचे धडे पाठवण्याची जाहिरात देणाऱ्या केलेब फिलिप्सला टपालाने शिकवणारा पहिला शिक्षक म्हणावे का? औषधे विकणारे सगळे लबाड होते का? आणि त्या किमती आजच्या रुपयांत कशा सांगायच्या?

जुन्या वर्तमानपत्रांची सूची करणे हे माझे रोजचे काम आहे, आणि त्यातला निम्माअधिक वेळ जाहिरातींवर जातो. तो वाया जात नाही. त्या काळच्या बातम्या बहुतेक लंडनच्या पत्रांतून उचललेल्या आणि जहाजाबरोबर शिळ्या होत आलेल्या असत. गावात कोण राहत होते, काय विकत होते, कोणाचे कोणाकडे येणे-जाणे होते, हे कळते ते जाहिरातींतून. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट अशी, की जाहिरात म्हणजे विकणाऱ्याने पैसे मोजून छापून घेतलेला दावा. अमुक माणूस अमुक महिन्यात अमुक ठिकाणी काही विकायला बसला होता, याला तो उत्तम पुरावा आहे. कोणी ते घेतले का, शिकणाऱ्याला काही आले का, आजारी माणूस उठून बसला का, यातले काहीच त्यातून सिद्ध होत नाही. हे सगळ्यांना माहीत असते, तरी लिहिताना भल्याभल्यांचा पाय घसरतो. ‘शिकवले जाईल’ असे छापलेले असते आणि आपण ‘शिकवले जात होते’ असे लिहून मोकळे होतो.

शिकवणी आणि औषध शेजारी का दिसतात, याचे कारणही इथेच आहे. कापड हातात घेऊन बघता येते, मीठ चाखता येते. लघुलिपीचे धडे किंवा बाटलीतला अर्क आधी पारखून घेता येत नाही. पैसे देऊन झाल्यावरच कळते. त्यामुळे दोन्ही ठिकाणी जाहिरातदार विश्वासाच्या खुणा पुढे करतो: लंडनहून आलो किंवा आलेले आहे, पूर्वी अमुक ठिकाणी होतो, आता अमुक घराशेजारी बसतो, अमक्या छापखान्यात चौकशी करा. या खुणा गोळा करा. दाव्यापेक्षा त्याच जास्त बोलतात.

आता छापखान्याकडे वळू, कारण सगळे धागे तिथे येऊन मिळतात. ‘बोस्टन न्यूज-लेटर’चा पहिला अंक २४ एप्रिल १७०४ चा. काढणारा जॉन कॅम्बेल हा बोस्टनचा पोस्टमास्तर. एकच छोटा कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. त्याच अंकात त्याने लोकांकडून जाहिराती मागवल्या आहेत: घरे, जमिनी, जहाजे, माल विकायचा असेल, चाकर पळाला असेल, काही चोरीला गेले असेल, तर माफक दरात छापू, बारा पेन्सपासून (म्हणजे एक शिलिंगापासून) पाच शिलिंगांपर्यंत, त्याहून जास्त नाही. अंक विकायला ठेवला होता निकोलस बून या पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात. याच बूनने ऑक्टोबर १७०८ मध्ये याच पत्रात जाहिरात दिली, की आपल्याकडे ‘डॅफीज इलिक्सिर सल्युटिस’, म्हणजे डॅफीचा अर्क, मिळेल, उत्तम प्रतीचे, अर्ध्या पिंटाच्या बाटलीला साडेचार शिलिंग. अमेरिकन वर्तमानपत्रातली तयार इंग्लिश औषधाची ही पहिली जाहिरात मानली जाते.

म्हणजे पत्र विकणारा आणि औषध विकणारा एकच. हा योगायोग समजू नका. पुस्तकविक्रेत्याकडे लंडनहून माल मागवायची सोय होती, लहान पण किमती वस्तू ठेवायची जागा होती आणि जाहिरातीचे साधन हाताशी होते. खुद्द लंडनमध्येही हेच चालले होते. मुलांच्या पुस्तकांचा प्रसिद्ध प्रकाशक जॉन न्यूबेरी हाच डॉ. जेम्सच्या ज्वरचूर्णाचा विक्रेता होता. १७६५ साली त्याने काढलेल्या एका बालकथेत नायिकेचे वडील तापाने मरतात, आणि तिथे हे चूर्ण मिळत नव्हते असे कथेतच लिहिले आहे.

औषधांबद्दल एक गैरसमज जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याचा असतो. त्यांना वाटते, वसाहतीतल्या जाहिराती भडक, थापांनी भरलेल्या असतील. प्रत्यक्षात अमेरिकन क्रांतीपूर्वीच्या बहुतेक जाहिराती याद्या असतात. ‘नुकत्याच आलेल्या जहाजातून’ असे म्हणून पुढे नावांची रांग: स्टॉटनचा अर्क, बेटमनचे छातीचे थेंब, गॉडफ्रीज कॉर्डियल, हूपरच्या गोळ्या, टर्लिंग्टनचा बाल्सम, अँडरसनच्या स्कॉट्स गोळ्या. कशावर लागू, काय गुण, याचा पुष्कळदा एक शब्द नाही. कारण गिऱ्हाइकाला नावे ओळखीची होती, आणि स्तुतिपाठ बाटलीबरोबर येणाऱ्या पत्रकात असे. टर्लिंग्टनच्या बाल्समची तर आख्खी पुस्तिका होती. बेटमनच्या थेंबांवरची पुस्तिका १७३१ मध्ये न्यूयॉर्कला छापली गेली ती जॉन पीटर झेंगरच्या छापखान्यात. पुढे १७३५ च्या बदनामीच्या खटल्यामुळे ज्याचे नाव इतिहासात राहिले, तोच हा झेंगर. म्हणून लांबलचक दावे वर्तमानपत्रांत सापडले नाहीत तर ‘लोक साधे होते’ असा निष्कर्ष काढू नका. दावे दुसऱ्या कागदावर होते.

‘पेटंट’ म्हणजे राजाने दिलेला विक्रीचा हक्क. औषध गुणकारी आहे का, हे त्यासाठी कोणी तपासत नव्हते. स्टॉटनला हा हक्क १७१२ साली मिळाला, बेटमनच्या थेंबांना १७२६ मध्ये, टर्लिंग्टनला १७४४ मध्ये. आणि ज्यांना आपण सरसकट पेटंट औषधे म्हणतो त्यांतल्या अनेकांनी, डॅफीच्या अर्कासकट, असा हक्क कधी घेतलाच नव्हता.

मग ही औषधे खोटी होती का? एका शब्दात उत्तर देणे अन्यायाचे होईल. डॅफीच्या अर्कात मुख्य माल सोनामुखी आणि दारू. पोट साफ व्हायचे, आणि तेवढ्यापुरता गिऱ्हाइकाला गुण येत असणार. पण विकताना तो कितीतरी रोगांवरचा उपाय म्हणून विकला जाई. डॉ. जेम्सच्या चूर्णात अँटिमनी हा विषारी पदार्थ होता. त्याने उलट्या आणि घाम येत, आणि त्या काळच्या पदवीधर डॉक्टरांनाही ताप उतरवायचा हाच मार्ग ठाऊक होता. रक्त काढणारा आणि पारा देणारा डॉक्टर एका बाजूला, गोळ्या विकणारा दुसऱ्या बाजूला, असे असताना शहाणा कोण आणि लबाड कोण हे आजच्या खुर्चीत बसून ठरवू नये. गॉडफ्रीज कॉर्डियल मात्र मी या सवलतीत बसवणार नाही. त्यात काकवीबरोबर अफू होती आणि ते रडणाऱ्या तान्ह्या मुलांना पाजले जाई. मूल शांत व्हायचे ते अफूने, आणि मात्रा चुकली की पुन्हा उठायचे नाही. जाहिरातींच्या यादीत हे नाव इतर नावांसारखेच निमूट बसलेले असते. वाचताना तिथे थांबायला हवे.

बाटलीवरचे नाव आणि आतला माल यांतही फरक पडत गेला. लंडनचा माल महाग, पुढे आयातीवर बहिष्कार, मग युद्ध. तोवर स्थानिक औषधवाल्यांनी जुन्या घाटाच्या बाटल्यांत आपापला काढा भरून तीच नावे लावायला सुरुवात केली होती. टर्लिंग्टनची नासपतीच्या आकाराची बाटली ओळखीची, म्हणून तीच वापरायची. १८२४ साली फिलाडेल्फियाच्या औषधनिर्माण महाविद्यालयाने अशा आठ जुन्या इंग्लिश औषधांच्या कृती तपासल्या, तेव्हा एकाच नावाखाली फिरणाऱ्या कृती एकमेकींपासून फार वेगळ्या निघाल्या, आणि अफूचे प्रमाणही कृतीगणिक बदलत होते. शेवटी त्यांनी स्वतःच प्रमाण कृती छापल्या. तेव्हा १७८० च्या जाहिरातीत ‘बेटमनचे थेंब’ दिसले म्हणून १७३० च्या बाटलीत जे होते तेच यात होते, असे धरू नका.

इंग्लिश नावांच्या गर्दीत एक घरगुती औषध पाहा. फिलाडेल्फियाच्या ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’मध्ये ऑगस्ट १७३१ मध्ये रीड नावाच्या विधवेची जाहिरात आहे. हाय स्ट्रीटच्या वरच्या टोकाहून ती बाजाराजवळच्या नव्या छापखान्यात राहायला आली आहे आणि खरजेवरचे आपले प्रसिद्ध मलम पूर्वीप्रमाणेच करून विकते. कधी चुकत नाही, उवाही जातात, घाण वास नाही, उलट सुवासच, अंगावर पिणाऱ्या बाळालाही चालेल. औंसभराच्या मातीच्या डबीला दोन शिलिंग. भाजल्या-पोळल्यावरचे मलमही आहे, आणि लॉकियरच्या गोळ्या सुट्या, तीन पेन्सला एक.

नवा छापखाना म्हणजे बेंजामिन फ्रँकलिनचा, आणि सेरा रीड ही त्याची सासू. पत्र जावयाचे, दुकान जावयाचे, मलम सासूचे. या जाहिरातीतले गुणवर्णन आपण तपासू शकत नाही. मलम कशाचे आहे हे ती सांगत नाही. पण एक विधवा स्त्री स्वतःच्या नावावर, स्वतःच्या हाताने केलेला माल विकत होती, तिची आधीपासून गिऱ्हाइके होती आणि घर बदलल्यावर ती तुटू नयेत याची तिला काळजी होती, एवढे त्या ओळींतून स्वच्छ दिसते. ‘पूर्वीप्रमाणेच’ हा शब्द नव्या धंद्याच्या जाहिरातीत येत नाही.

शिकवण्यांच्या जाहिरातींत मला सर्वांत मोलाची वाटते ती जॉर्ज ब्राउनेलची. ‘बोस्टन न्यूज-लेटर’, मार्च १७१३. विंग्ज लेनमधल्या त्याच्या घरी लेखन, हिशेब, नृत्य, व्हायोलिन, बासरी, स्पिनेट (पियानोसारखे छोटे वाद्य) शिकवले जाईल. शिवाय इंग्लिश आणि फ्रेंच पद्धतीचे रजईकाम, भरतकाम, साधी शिलाई, निरनिराळे टाके. विद्यार्थ्यांची राहण्या-जेवण्याची सोय होईल. पहिल्यांदा वाचणारा म्हणतो, एवढे सगळे एकाच माणसाला कसे येईल? बहुधा येत नसणारच. रजई, भरतकाम आणि खानावळ हा भाग घरातल्या बायकांचा असणार, असा माझा कयास आहे, आणि नाव मात्र एकट्या पुरुषाचे छापले गेले. अशा जाहिरातीत नुसते विषय मोजू नका. एका कुटुंबाचा उदरनिर्वाह कशाकशावर चालला होता, ते त्यात मांडलेले असते.

ब्राउनेल मोलाचा आणखी एका कारणाने. त्याच्या जाहिरातीबाहेरची साक्ष आपल्याकडे आहे. जाहिरातीनंतर दोन-तीन वर्षांत लहानगा बेंजामिन फ्रँकलिन त्याच्याकडे शिकायला गेला. आत्मचरित्रात तो म्हणतो, की ब्राउनेल सौम्यपणे, उत्तेजन देऊन शिकवी. अक्षर लवकरच चांगले झाले, पण अंकगणितात मी नापास झालो, काहीच प्रगती झाली नाही. दावा एकीकडे, विद्यार्थ्याचा अनुभव दुसरीकडे. असा जोड मिळणे दुर्मीळ आहे. मिळाला तर त्यावर प्रकरणच लिहा.

दुसरे घर पेलम यांचे. पीटर पेलम हा बोस्टनमधला नावाजलेला चित्रखोदकार. चित्रे कोरून पोट भरत नसे, म्हणून शाळा. १७४८ मध्ये त्याने कॉपली नावाच्या विधवेशी लग्न केले. त्या वर्षी जुलैत तिची जाहिरात आहे: पूर्वी लाँग व्हार्फ या धक्क्यावर तंबाखू विकणारी विधवा कॉपली, म्हणजे आताची मिसेस मेरी पेलम, लिंडेल्स रोमध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या प्रार्थनाघरासमोर राहायला आली असून उत्तम व्हर्जिनिया तंबाखू घाऊक-किरकोळ विकते. मग सप्टेंबरात नवऱ्याची जाहिरात: हिवाळ्यात लेखन आणि अंकगणिताची शाळा दिवे लागल्यापासून रात्री नऊपर्यंत उघडी राहील, दिवसभर कामात असणाऱ्यांसाठी; आणि त्याच जाहिरातीत पुढे, राहत्या घरी तंबाखू आणि तपकीर स्वस्तात मिळेल. दिवसा राबणाऱ्या, धंदा शिकणाऱ्या उमेदवारांसाठी आणि कारकुनांसाठी रात्रीची शाळा होती हे यातून कळते, आणि शाळेला आधार तंबाखूचा होता हेही. या घरात वाढलेला मेरीचा मुलगा जॉन सिंगल्टन कॉपली पुढे मोठा चित्रकार झाला.

आता फिलिप्स. ‘बोस्टन गॅझेट’मधली २० मार्च १७२८ ची जाहिरात. लघुलिपीच्या नव्या पद्धतीचा हा शिक्षक किंग स्ट्रीटवर टाउन हाउसच्या उत्तर दारासमोर राहायला आला आहे. तीन, चार, पाच शब्द एकात जोडण्याची आपली पद्धत नेहमीचे अक्षर बिघडवत नाही, असे तो सांगतो. मग ते प्रसिद्ध वाक्य: बाहेरगावच्या ज्यांना ही कला शिकायची असेल त्यांना दर आठवड्याला धडे पाठवले जातील, आणि ते बोस्टनमध्ये राहणाऱ्यांइतकेच तयार होतील.

यात काय आहे? धडे पाठवायची तयारी. काय नाही? विद्यार्थ्याने सोडवून परत पाठवणे, ते तपासणे, दुरुस्त करून देणे. एकही विद्यार्थी, एकही धडा, एकही पत्र या जाहिरातीत नाही. म्हणून ‘टपालाने शिकवणारा पहिला शिक्षक’ असे लिहू नका. ‘घरबसल्या धडे पाठवण्याची तयारी दाखवणारी, आतापर्यंत सर्वांत जुनी म्हणून नेहमी दाखवली जाणारी जाहिरात’ असे लिहा, ते टिकेल. एक दुवा मात्र मजबूत आहे, तो वापरा: ‘बोस्टन गॅझेट’ त्या काळात एकामागून एक आलेल्या पोस्टमास्तरांच्या हातात होते. ज्या वाटेने पत्र खेड्यापाड्यांत जाई त्याच वाटेने धडे जातील, ही कल्पना त्या पानावर सुचणे स्वाभाविक होते.

या पानांवरची एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. शिक्षकाच्या जाहिरातीशेजारी माणसांच्या विक्रीच्या जाहिराती असतात. ‘बोस्टन न्यूज-लेटर’ने त्या पहिल्या वर्षापासून छापल्या, फ्रँकलिनच्या पत्रानेही छापल्या, आणि त्यांतल्या अनेक जाहिरातींच्या शेवटी तेच वाक्य असते जे मलमाखाली किंवा शिकवणीखाली येते: छापखान्यात चौकशी करा. म्हणजे मुद्रक या व्यवहारात नुसता कागद पुरवत नव्हता, दलालीही करत होता. मेरीलँड-व्हर्जिनियाकडे तर शिक्षकच विकाऊ असत: इंग्लंडहून करारावर किंवा शिक्षा म्हणून पाठवलेले चाकर, ज्यांची काही वर्षांची चाकरी विकत घेऊन मळेवाले त्यांना मुलांना शिकवायला लावत. पळून गेलेल्या अशा शिक्षकांना पकडून देण्याच्या जाहिराती सापडतात. मेरीलँडमधला पाद्री जॉनाथन बाउचर १७७३ मध्ये म्हणतो, की आपल्याकडच्या शिक्षणाचा किमान दोन-तृतीयांश भाग अशाच लोकांकडून येतो. तो चिडून बोलतो आहे, आकडा शब्दशः घेऊ नये. पण ‘खासगी शिकवणी’ या प्रकरणात हे लोक यायलाच हवेत. नुसत्या नृत्यशिक्षकांवर लिहिले तर चित्र अर्धेच राहील.

शोधताना उपयोगी पडेल असे थोडे. १७५२ पर्यंत तिथे वर्ष २५ मार्चला बदलत असे, त्यामुळे जानेवारी ते २४ मार्चच्या तारखांत एका वर्षाचा घोळ होतो. ब्राउनेल आणि फिलिप्स दोघेही नेमके या पट्ट्यात येतात, तेव्हा मूळ अंकाचा मथळा पाहूनच साल लिहा. त्या छपाईतला लांब ‘एस’ (ſ) अक्षरे ओळखणाऱ्या यंत्राला ‘एफ’ वाटतो, म्हणून ‘स्कूल’ शोधताना ‘फ्कूल’ही शोधा. आणि एकच जाहिरात पुष्कळ आठवडे दिसली तर लगेच धंदा जोरात होता असे म्हणू नका. छपाईसाठी जुळवलेले अक्षरांचे खिळे तसेच ठेवले की पुढच्या खेपा स्वस्त पडत. पर्डी आणि डिक्सन यांच्या ‘व्हर्जिनिया गॅझेट’चा दर पहिल्या आठवड्याला तीन शिलिंग आणि नंतर दोन असा होता. मजकूर बदलला, पत्ता बदलला, विषय वाढले किंवा गळले, तर ती खरी हालचाल. त्यासाठी एकाच माणसाच्या सगळ्या जाहिराती ओळीने लावून वाचा.

शेवटी रुपयांचे. रूपांतर करूच नका. मॅसॅच्युसेट्सचा शिलिंग आणि लंडनचा शिलिंग एक नव्हता. तिथले कागदी चलन १७५० च्या आसपासपर्यंत घसरतच गेले, आणि फिलाडेल्फियाचा भाव आणखी वेगळा. त्याऐवजी त्याच गावातली, जवळच्या वर्षांतली किंमत शेजारी ठेवा. बोस्टनमध्ये १७०४ साली सर्वांत महाग जाहिरात पाच शिलिंगांची होती. चार वर्षांनी डॅफीच्या अर्ध्या पिंटाला साडेचार. हे औषध हातावर पोट असणाऱ्याचे नव्हते, हे रुपयांशिवायही वाचकाला कळते. आणि फिलाडेल्फियात विधवा रीडच्या मलमाच्या एका डबीच्या पैशांत लॉकियरच्या आठ गोळ्या येत. पण तिथे तीन पेन्स देऊन एकच गोळी घेऊन जायची मुभा होती.